तिकिटावरचे साडेपाच तास आणि आकाशातले सोळा

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, आणि चहा येईपर्यंत आमच्या गटातल्या एका ताईंनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. विमानाचं तिकीट होतं. मुंबई ते न्यूयॉर्क. त्यांची लेक तिकडं न्यूजर्सीत असते, तिला सातवा लागलाय, आणि बाळंतपणाला आईनं यावं असं तिचं म्हणणं. ताईंनी आजवर केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे काशीयात्रेची रेल्वे.

कागद हातोहात फिरला. त्यावर लिहिलं होतं: मुंबईहून निघण्याची वेळ १५ जानेवारी, ०१:३०. न्यूयॉर्कला पोचण्याची वेळ १५ जानेवारी, ०७:००. एकजण लगेच म्हणाली, "अगं, साडेपाच तासच! सोलापूरहून पुण्याला एस्टीनं जवळजवळ तेवढेच लागतात." दुसरी म्हणाली, "काहीतरीच काय, माझा पुतण्या जाऊन आलाय, सोळा तास बसून कंबर मोडली म्हणत होता." दोघींची चांगलीच जुंपली. ताई मात्र गप्प होत्या. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. त्या हळूच म्हणाल्या, "पंधरा तारखेला मी इथनं किती वाजता निघू?"

तो प्रश्न ऐकला आणि माझ्या पोटात धस्स झालं. कारण हाच घोळ माझ्या नात्यातल्या एका बाईंचा झालेला मी पाहिलाय. त्यांचं तिकीटही असंच मध्यरात्रीनंतरचं होतं. त्या त्या तारखेला सकाळी देवाला नमस्कार करून, ओटी भरून घेऊन, सगळ्या गावाचा निरोप घेऊन निघाल्या आणि रात्री नऊला विमानतळावर पोचल्या. विमान त्याच दिवशी पहाटे, म्हणजे त्या घरी झोपेत असतानाच निघून गेलं होतं. नवं तिकीट काढायला कर्ज काढावं लागलं. त्या पोचल्या तेव्हा नात चार दिवसांची झाली होती.

म्हणून आज आपण मुंबई ते न्यूयॉर्क या एका प्रवासाचा हिशेब नीट मांडून बघू. किती लांब, किती वेळ, आणि कागदावर जे लिहिलंय त्याचा अर्थ काय. हा एक हिशेब हाती आला की दुबईचा, लंडनचा किंवा सिडनीचा प्रवासही तुम्हाला स्वतःला मोजता येईल.

आधी तारखेचं. आपल्या बोलण्यात दिवस उजाडल्यावर सुरू होतो. "पंधराची रात्र" म्हटलं की पंधरा तारखेचा दिवस मावळल्यावर जी येते ती रात्र, असंच आपण धरतो. पंचांगसुद्धा सूर्योदयाची तिथी मानतं. घड्याळाची तारीख मात्र मध्यरात्री बारा वाजता, सगळं गाव झोपलेलं असताना बदलते. तेव्हा १५ जानेवारीचे ०१:३० म्हणजे १४ तारखेचा दिवस मावळून जी रात्र होते, त्या रात्रीचा दीड. तिकिटावरची वेळ चोवीस तासांच्या घड्याळाची असते हेही ध्यानात ठेवा. दुपारचा दीड असता तर १३:३० लिहिलं असतं.

आता उलटं मोजत या. परदेशी जाणाऱ्या विमानासाठी तीन-चार तास आधी विमानतळावर असावं लागतं. सामान द्यायचं, पासपोर्टवर शिक्का, तपासणी, सगळीकडे रांगा. सामान घेणारा काउंटर उड्डाणाच्या तास-सव्वा तास आधी बंदच होतो, मग कुणी हातापाया पडलं तरी उघडत नाही. म्हणजे १४ तारखेला रात्री साडेनऊ-दहाला विमानतळाच्या दारात. आमच्या गावाहून मुंबई आठ तास, वाटेत जेवण, वर मुंबईतली गर्दी. म्हणून घरातून निघायचं १४ तारखेला सकाळी. साधा नेम असा की, तिकिटावर ०० पासून ०५ पर्यंतचा कुठलाही आकडा पहिला दिसला, की घर आदल्या दिवशी सोडायचं. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमानं याच वेळेत सुटतात, त्यामुळे ही चूक फार जणांची होते, शिकलेल्यांचीसुद्धा.

आता साडेपाच की सोळा, त्या भांडणाकडे येऊ. तिकिटावर दोन वेळा असतात, पण त्या एका घड्याळाच्या नसतात. निघण्याची वेळ निघायच्या गावच्या घड्याळाची, पोचण्याची वेळ पोचायच्या गावच्या घड्याळाची. एक आकडा मुंबईच्या भिंतीवरचा, दुसरा न्यूयॉर्कच्या भिंतीवरचा. त्यांची नुसती वजाबाकी केली तर उत्तर चुकणारच. एकीच्या घरचं माप पायलीचं आणि दुसरीच्या घरचं किलोचं असेल, तर धान्य वजा कसं करायचं?

दोन घड्याळं का, तर सूर्यामुळे. पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक फेरी घेते, म्हणून सूर्य सगळीकडे एकदम उगवत नाही. पूर्वेला आधी, पश्चिमेला नंतर. आपल्या महाराष्ट्रातच बघा, नागपूरकडच्या आणि मुंबईच्या सूर्योदयात साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. पूर्वी मुंबई शहराचं स्वतःचं वेगळं घड्याळ होतं, "मुंबई टाईम" म्हणायचे. बाकी देशाच्या घड्याळापेक्षा ते एकोणचाळीस मिनिटं मागं असायचं, आणि १९५५ पर्यंत ते वापरात होतं. म्हणजे पुण्याहून रेल्वेच्या वेळेनं निघालेला माणूस मुंबईत उतरला की भिंतीवरच्या घड्याळात वेगळीच वेळ. आता सगळ्या भारताचं घड्याळ एक आहे आणि ते उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवरून ठरतं.

न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेला फार लांब आहे. तिथलं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं असतं. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढं सरकवतात, म्हणून तेव्हा फरक साडेनऊ तासांचा. हा बदल दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मूळ वेळ येते. आपल्याकडं असं काही करत नाहीत, म्हणून ऐकायला विचित्र वाटतं. पण लेकीचा फोन मार्चमध्ये अचानक तासभर आधी यायला लागला तर घाबरू नका, कारण एवढंच असतं.

आता ताईंचं तिकीट. मुंबईत १५ तारखेची रात्रीची दीड वाजता विमान उठलं, तेव्हा न्यूयॉर्कला काय वाजले असतील? साडेदहा तास मागं जा. १४ तारखेची दुपारचे तीन. तिथली पोरं शाळेतून घरी येत असतील. आणि विमान उतरणार तिथल्या १५ तारखेच्या सकाळी सातला. दुपारी तीनपासून दुसऱ्या दिवशी सकाळी सातपर्यंत बोटं मोजा: सोळा तास. पुतण्याचं खरं होतं.

आता परतीचं तिकीट. ताई १० जूनला परत येणार आहेत. न्यूयॉर्कहून सकाळी साडेअकराला निघून मुंबईत ११ जूनला सकाळी साडेअकराला. कागदावर दिसतात बरोब्बर चोवीस तास. पण जूनमध्ये फरक साडेनऊ तासांचा. चोवीसातून साडेनऊ गेले, राहिले साडेचौदा. जाताना कागदावरच्या वेळात फरक मिळवायचा, येताना वजा करायचा. आमच्या गटात व्याजाचा हिशेब तोंडी करणाऱ्या बायका आहेत, त्यांनी हे दोन मिनिटांत करून दाखवलं.

पण तिथंच एकीनं नेमका प्रश्न काढला: "जाताना सोळा आणि येताना साडेचौदा, असं का? वाट तर तीच." त्यासाठी आधी वाट कशी आहे ते बघावं लागेल.

मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातलं सरळ अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. सरळ म्हणजे कसं, हे सांगायला मी त्या दिवशी कलिंगडाचं उदाहरण दिलं. कलिंगड नसेल तर मुलांचा चेंडू घ्या. गोल कलिंगड असावं, लांबट नको. देठ वर धरा, तो उत्तर ध्रुव. पोटावरून आडवी रेघ मारा, ते विषुववृत्त. देठापासून खाली गेलेल्या हिरव्या पट्ट्या असतातच, त्या आयत्या उभ्या रेषा. आता पोटाच्या रेघेपासून देठाकडे एक पंचमांश वर गेलात की तिथं मुंबईचं टिंब. मग कलिंगड फिरवत फिरवत जवळजवळ मागच्या बाजूला न्या, अगदी पाठीमागे नाही, थोडं अलीकडे, आणि तिथं पोटाच्या रेघेपासून देठाच्या अर्ध्या वाटेला किंचित कमी उंचीवर न्यूयॉर्कचं टिंब. एक दोरा घ्या आणि दोन टिंबांमध्ये ताणून धरा.

पोटाभोवतीनं दोरा नेलात तर तो लांब लागतो. घट्ट ओढलात की तो आपोआप वर देठाकडे सरकतो. तीच सगळ्यात जवळची वाट. शाळेतल्या सपाट नकाशावर बघितलं तर वाटतं की विमान अरबी समुद्र, अरबस्तान, आफ्रिका असं नाकासमोर पश्चिमेला जाईल. तसं गेलं तर दीड हजार किलोमीटरहून जास्त वाट पडेल, मुंबई ते दिल्लीहूनही जास्त. दोऱ्याची वाट मात्र मुंबईहून वर उत्तरेला निघते. गुजरात, पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मग रशियातून मॉस्कोच्या जवळून, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, पुढं आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिणेचं टोक, आणि मग कॅनडातून खाली उतरत न्यूयॉर्क. अमेरिकेला जाताना विमान बर्फाच्या देशांवरून जातं हे बायकांना पटेना. मी ताईंना म्हटलं, समोरच्या खुर्चीच्या पाठीवर बहुधा एक छोटा पडदा असतो, त्यावर नकाशा लावा आणि स्वतःच बघा. त्याच पडद्यावर बाहेरचं तापमानही येतं, शून्याच्या खाली पन्नास वगैरे. घाबरू नका, दहा-अकरा किलोमीटर उंचीवर ते तसंच असतं.

अर्थात दोऱ्याची वाट प्रत्येक वेळी मिळतेच असं नाही. शेतातली जवळची पायवाट असते, पण मधल्या वावराच्या मालकानं काटेरी कुंपण घातलं की आपण बांधाबांधानं वळसा घेतोच ना? आकाशालाही बांध असतात. प्रत्येक देशाचं आपापलं आकाश, आणि त्यातून जायला परवानगी लागते. २०१९ मध्ये पाकिस्ताननं फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपलं आकाश बंद ठेवलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झालं, आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वाटेत युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हापासून अमेरिकी कंपन्यांच्या विमानांना रशियावरून जाता येत नाही. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये, त्याच दिवशी, दोन कंपन्यांची विमानं वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात आणि त्यांना लागणारा वेळही वेगळा. कुणी पंधरा तास सांगेल, कुणी सतरा. दोघंही खोटं बोलत नसतात. कुठल्या तरी दोन राजधान्यांमधलं भांडण आपल्या ताईंच्या गुडघ्यांना तासभर जास्त दुखवतं, हे मला मात्र राहून राहून वाटतं.

आता वेग. मोठं प्रवासी विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर जातं. १२,५५० ला ९०० नं भागलं तर चौदा तास येतात. वळसा, उठताना-उतरताना जाणारा वेळ, धावपट्टीवरची वाट बघणं हे त्यात मिळवा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वारा. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, नदीसारखे पट्टे असतात त्यांचे. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो, ताशी दीड-दोनशे किलोमीटरही होतो. आपल्याकडून अमेरिकेला जाताना विमान या वाऱ्याच्या तोंडावर जातं. सायकलवर दळण घेऊन समोरच्या वाऱ्यात जाऊन बघा, पाय किती मारावे लागतात. येताना तोच वारा पाठीशी. म्हणून येताना वेळ कमी लागतो. वैमानिकही रोज वारा बघून वाट थोडी बदलतात, जाताना वारा टाळायचा आणि येताना त्यावर स्वार व्हायचं.

इथं एक गैरसमज काढून टाकू, कारण तो फार पसरलेला आहे. "पृथ्वी खालून फिरते, म्हणून एका बाजूनं लवकर पोचतो." तसं नाही. चालत्या एस्टीत बसून तुम्ही चिंचेचं बोटूक वर उडवलं तर ते मागच्या माणसाच्या डोक्यात पडतं का? परत तुमच्याच हातात येतं. कारण एस्टीच्या आतलं सगळं एस्टीबरोबरच पुढं चाललेलं असतं. तशी हवा पृथ्वीबरोबर फिरते आणि विमान त्या हवेत असतं. फरक पडतो तो हवेच्या आतल्या वाऱ्यानं. पृथ्वी फिरण्याचा परिणाम घड्याळावर दिसतो.

तो परिणाम ताईंना या प्रवासात चांगलाच दिसणार आहे. १४ जानेवारीला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मुंबईत सूर्य मावळेल. मग विमान पश्चिमेला, म्हणजे अंधार ज्या दिशेला सरकतो त्याच दिशेला निघेल, आणि तेही ऐन हिवाळ्यात उत्तरेकडून. न्यूयॉर्कला उतरताना नुकतं उजाडत असेल, सूर्य सव्वासातच्या पुढं उगवेल. आपल्या घड्याळात तेव्हा संध्याकाळचे पावणेसहा झालेले असतील. म्हणजे ताईंच्या वाट्याला तेवीस तासांहून मोठी रात्र येणार. खिडकीतून बघून "अजून पहाट कशी होईना" म्हणून जीव घाबरा करून घेऊ नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवलं. जूनमध्ये परत येताना उलटं, लहानशीच रात्र लागेल.

काहींना वाटेत उतरून जाणारं तिकीट स्वस्त मिळतं. दुबईमार्गे धरा. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, तीन-सव्वातीन तास. दुबई ते न्यूयॉर्क सुमारे ११,००० किलोमीटर, चौदा तास किंवा थोडे जास्त. बेरीज बघा, अंतर फक्त चारशे किलोमीटरच्या आसपास वाढलं. पण वेळ? मधे तीन तास थांबा असेल तर वीस-एकवीस तास, आठ तास थांबा असेल तर पंचवीस. विमानप्रवासात अंतरापेक्षा थांबा महाग पडतो. तिकीट काढताना मुलं पैशाचा आकडा बघतात, त्यांना "एकूण किती तास" हाही आकडा विचारा. आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरं सुटू नये एवढा वेळ मधे आहे ना, तेही. एकटी बाई असेल, भाषेची अडचण असेल, तर तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मदत मागून ठेवावी. चालता येत असलं तरी चालतं, त्यात कमीपणा नाही. ती ढकलणारा माणूस तुम्हाला एका विमानातून दुसऱ्या विमानाच्या दारापर्यंत बरोबर नेऊन सोडतो.

हे सगळं चाललेलं असताना आमच्या गटातल्या शिक्षिकाबाईंनी आनंदीबाई जोशींची आठवण काढली. मला ती फार आवडली. डॉक्टर व्हायचं म्हणून आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या. गोपाळराव तेव्हा बंगालमध्ये श्रीरामपूरला नोकरीला होते, म्हणून मुंबईऐवजी कलकत्ता. वय नुकतंच अठरा पूर्ण. नवरा बरोबर नाही. न्यूयॉर्कला त्या पोचल्या ४ जूनला. म्हणजे जवळजवळ दोन महिने. तिथं त्यांना उतरवून घ्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या आणि त्या आनंदीबाईंना आपल्या घरी घेऊन गेल्या, न्यूजर्सीतल्या रोझेल गावी. आमच्या ताईंची लेक राहते त्याच न्यूजर्सीत. पुढं फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजातून मार्च १८८६ मध्ये त्यांनी डॉक्टरकीची पदवी घेतली. दोन महिन्यांचे सोळा तास झालेत. ताई म्हणाल्या, "ती पोर तेवढं गेली, मग मला काय झालंय!" मी काही बोलले नाही, पण तिकीट दाखवल्यापासून पहिल्यांदाच त्या हसल्या होत्या.

सोळा तास शरीराला मात्र सोपे नाहीत. इतका वेळ पाय लोंबकळत ठेवून बसलं की पायांना सूज येते, क्वचित रक्ताची गुठळीही होऊ शकते. म्हणून तास-दोन तासांनी उठून मधल्या बोळातून एक चक्कर मारावी, बसल्या बसल्या घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावं. आपल्या बायका लघवीला जावं लागेल म्हणून पाणीच पीत नाहीत, शेजारच्याला उठवायचा संकोच. शक्य असेल तर कडेची, बोळाकडची खुर्ची मागून घ्या. आधीपासून पायांच्या शिरांचा, हृदयाचा त्रास असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारूनच निघावं.

गोळ्यांचाही प्रश्न वेळेचाच आहे. साखरेची, रक्तदाबाची गोळी रोज सकाळी आठला घेणाऱ्या बाईनं विमानात काय करायचं? आणि तिथं पोचल्यावर "सकाळचे आठ" कुणाचे? हे आपल्या मनानं ठरवू नका. तिकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, निघायची-पोचायची वेळ दाखवा आणि कुठली गोळी कधी हे कागदावर लिहून घ्या. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि औषधं चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही. ती बॅग विमानाच्या पोटात जाते, वाटेत हाती लागत नाही.

पोचल्यावर चार-सहा दिवस, कधी त्याहून जास्त, दिवसा डोळे मिटतात आणि रात्री दोनला टक्क जाग येते. साडेदहा तासांचा फरक म्हणजे दिवसाची रात्रच होते. शरीर रोज थोडं थोडं जुळवून घेतं. दिवसा उजेडात, दारात-अंगणात बसलं की लवकर जुळतं. तसंही बाळंतिणीच्या घरी रात्री दोनला कुणीतरी जागं लागतंच, तेव्हा आजीची ती जाग अगदीच वाया जाईल असं नाही.

शेवटचं, मागं राहणाऱ्यांसाठी. विमान उठल्यापासून पोचेपर्यंत फोन लागणार नाही. सोळा तास आकाशात, मग उतरून रांगा, तपासणी, सामान, त्याचे दोन तास धरा. आपल्या घड्याळात पहाटे दीडला निघालेल्या ताईंचा फोन संध्याकाळी साडेसात-आठच्या आधी येणार नाही. दुपारी बारापासून घरात रडारड सुरू करायची नाही. घरातल्या मुलांना तिकिटावरचा विमानाचा नंबर द्या, मोबाइलवर विमान कुठवर आलं ते दिसतं.

आणि लेकीला फोन कधी करायचा, त्याची एक सोपी युक्ती. आपलं घड्याळ बघा. काटे तसेच ठेवून दिवसाची रात्र करा, आणि हिवाळ्यात दीड तास, उन्हाळ्यात अडीच तास मिळवा. आपल्याकडं सकाळचे आठ, तर रात्रीचे आठ धरा, दीड मिळवा, तिकडं रात्रीचे साडेनऊ, आणि तारीख आदल्या दिवसाची. आपल्याकडं संध्याकाळचे साडेसात, तर तिकडं सकाळचे नऊ, तारीख तीच. दुपारी जेवण आवरून निवांत वेळ मिळाला म्हणून दोन वाजता फोन लावलात, तर पोरीला पहाटे साडेतीनला उठवाल. बाळ झाल्यावर तर तेवढं पाप करू नका.

ताईंच्या घरी परवा जाऊन आले. भिंतीवरच्या कालनिर्णयवर १५ तारखेला केलेला गोल खोडून त्यांनी १४ ला केलाय, लाल पेनानं, दोनदा गिरवून. डिंकाचे लाडू वळून झालेत. गाडी १४ तारखेला सकाळी नऊची सांगितली आहे.